सिस्टरबाईंच्या बाकावरचा कॅमेरा

माझा स्वभाव तापट आहे, हे मोताळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन दुकानात येतो आणि म्हणतो, "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला," तेव्हा माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं. चहा सांडलेला असतो, उंदराने वायर कुरतडलेली असते, नाहीतर सुट्टीत आलेल्या भाच्याने नको ते गेम टाकलेले असतात. मी बोलतो, लोक ऐकून घेतात आणि पुढच्या वेळी पुन्हा माझ्याकडेच येतात, कारण काम मी चोख करतो. घरची शेती आणि धंदा भाजीपाल्याचा. आई अजून बाजारात बसते. ती म्हणते, "तुह्या जिभेवर गिऱ्हाईक टिकते तरी कसं बे?"

चर्चचे पास्टर दुकानात आले तेव्हा मी असाच कुणाला तरी झापत होतो. ते बाकड्यावर शांत बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "आम्हाला एक कॉम्प्युटर बनवून पाहिजे. तीन कॅमेरे एका वेळी चालले पाहिजेत आणि रविवारची उपासना लोकांना घरी लाइव्ह दिसली पाहिजे."

मी म्हटलं, "लाइव्ह तर तुम्ही करताच की, मोबाइल लावून."

"करतो. पण त्यात सिस्टरबाईंना काही दिसत नाही."

सिस्टरबाई म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या निवृत्त नर्स. घरात एकट्या. माझ्या आईची आणि त्यांची दोस्ती वांग्यांवरून जमली. सिस्टरबाई भाव करायच्या, आई द्यायची नाही, आणि दोघींचं भांडण ऐकायला बाजार थांबायचा. पुढे सिस्टरबाईंचे कान गेले. मशीन लावून पाहिलं, त्यात नुसता गोंगाट यायचा म्हणून काढून ठेवलं. तेव्हापासून त्या माणसांचे ओठ वाचतात. चर्चमध्ये बायकांच्या बाजूच्या पहिल्या बाकावर, खिडकीच्या टोकाला, त्यांची जागा ठरलेली. तिथून पास्टरांचं तोंड दिसतं. उपदेशाचा एक शब्द सुटत नाही. पास्टर कधी चुकून कागदाकडे पाहून बोलले तर त्या भर उपासनेत म्हणतात, "वर पाहा, साहेब!"

त्या वर्षी त्या न्हाणीघराच्या पायरीवर पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बुलढाण्याला ऑपरेशन झालं, त्यानंतर पलंग. चर्चमधून मोबाइलवर लाइव्ह यायचं. पण मोबाइल शेवटच्या बाकामागे स्टँडवर लावलेला, त्यामुळे टीव्हीवर पास्टर तांदळाच्या दाण्याएवढे दिसायचे. दाण्याचे ओठ कोण वाचणार? दोन रविवार त्यांनी पाहिलं आणि तिसऱ्या रविवारी टीव्ही बंद केला. पास्टर भेटायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "मले आता चर्चच्या मंडळीतून काढून टाका. तोंडच नाही दिसलं तं मी कायची मंडळीत?"

हे ऐकून मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी जास्तच फुशारक्या मारतो. म्हटलं, "असा कॉम्प्युटर बनवून देतो, की त्यांना वाटेल बाकावरच बसलोय."

आईला घेऊन सिस्टरबाईंकडे गेलो. आई सोबत हवीच. बाजारात ओरडून कमावलेला तिचा आवाज तेवढा सिस्टरबाईंना थोडाफार ऐकू येतो. त्यांनी पलंगावरूनच हुकूम सोडले. "एक कॅमेरा पास्टरच्या तोंडावर. दुसरा गाणाऱ्याइवर. आन् तिसरा माह्या जागेवर ठेव, बाबू. बाकावरच."

"पास्टर तर पहिल्या कॅमेऱ्यात आलेच. तिथून आणखी काय दिसणार? खिडकी, अर्धा खांब आणि पलीकडे पुरुषांच्या बाजूला हेडमास्तरांचं टक्कल."

आईने ते त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "हाव. तेच पाह्यजे."

आता या हेडमास्तरांविषयी सांगायला हवं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते चर्चच्या पंचांपैकी एक. पुस्तकी मराठी बोलतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि कुणाचंही काम उभं राहून तपासतात. मी वायर ओढायला लागलो की हजर. "ही तार भिंतीच्या कडेने का नेली नाहीत?" "या पेटीला इतके पंखे कशासाठी?" मी मनात म्हणायचो, हे उंटावरचे शहाणे मला कुठून भेटले. तोंडाने मात्र काही बोलायचो नाही, कारण लहानपणी त्यांच्या छड्या मी खाल्ल्या आहेत.

जुळणीला सुरुवात केली. पहिल्यांदा कंजूषपणा केला. कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायला कॅप्चर कार्ड लागतं. मी तीन स्वस्तातली आणून एकाच बाजूच्या यूएसबीत खोचली. एक कॅमेरा लावला, उत्तम. दुसरा लावला, ठीक. तिसरा लावताच तिन्ही चित्रं अडखळायला लागली. शेतकऱ्याच्या घरात जन्मूनही मला हे आधी कळू नये? एका मोटरीवर तिघांचं ओलित धरलं तर कुणाच्याच सरीला पाणी पोचत नाही. ते सगळं काढलं आणि चार तोंडांचं एकच मोठं कार्ड थेट मदरबोर्डवर बसवलं. प्रोसेसर दमदार घेतला, रॅम भरपूर घातली, ग्राफिक्स कार्ड मी लग्नांचं लाइव्ह करतो त्या कॉम्प्युटरमधलं काढून यात टाकलं. वीज जाते म्हणून मोठा इन्व्हर्टर.

राहिला कापसाचा प्रश्न. आमच्याकडे दिवाळीनंतर हवेत रुई उडते. कपाशीच्या गाड्या रस्त्याने जातात आणि धागे घरात, भाजीत, चहात. कॉम्प्युटरचे पंखे तर ती रुई ओढूनच घेतात आणि महिन्याभरात आतमध्ये गादी तयार होते. सिस्टरबाईंनी हे ऐकलं आणि पलंगावर बसून जुन्या मच्छरदाणीच्या जाळीचे चौकोन शिवून दिले, कडेला इलॅस्टिक घालून. पंख्यावर टोपीसारखे बसतात. धुवा आणि परत लावा. हेडमास्तरांनी ते पाहिलं, शिवण तपासली आणि पहिल्यांदाच काही दोष काढला नाही.

एक अडचण कॉम्प्युटरची नव्हती. चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली की सगळे डोळे मिटतात. मग कोणता कॅमेरा दाखवायचा, हे पाहणार कोण? पंचांमध्ये यावर खरंच चर्चा झाली. एक जण म्हणाले, प्रार्थनेच्या वेळी लाइव्ह बंद ठेवा. दुसरे म्हणाले, मग सिस्टरबाईंना प्रार्थना कशी कळणार? शेवटी पास्टर माझ्याकडे वळले आणि हसून म्हणाले, "हे हिंदू आहेत. यांचे डोळे उघडे राहिले तर चालतील." ठराव पास. तेव्हापासून रविवारी मागच्या दाराजवळच्या टेबलावर मी बसतो आणि अख्ख्या मंडळीत डोळे उघडे ठेवायची परवानगी मला एकट्याला आहे. मला हे फार आवडलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "देवानं आंधळ्याच्या हाती दिवा देल्ला."

पहिल्या चाचणीला मी सिस्टरबाईंच्या घरी टीव्हीसमोर बसलो. पास्टर चर्चमध्ये उभे राहून बोलत होते. टीव्हीवर त्यांचं तोंड मोठं आलं, पण गावच्या इंटरनेटमुळे मधूनच गोठत होतं. गोठलेले ओठ त्यांना वाचता येईनात. मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून पाहिला, तो तर आणखी वाईट. तेव्हा मी लाइव्हची सेटिंग बदलली. चित्र आधी साठवायचं आणि मग सावकाश सोडायचं. त्यामुळे टीव्हीवर सगळं अर्धा मिनिट उशिरा दिसायला लागलं, पण लोण्यासारखं, कुठेही न अडखळता. सिस्टरबाई टीव्हीकडे टक लावून पाहत राहिल्या. थोड्या वेळाने आपल्याशीच पुटपुटायला लागल्या, "...कारण त्याची दया..." म्हणजे पास्टरांचे ओठ वाचत होत्या. आई डोळे पुसायला लागली. मी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून उगाच रिमोटचं झाकण घट्ट करत बसलो.

अर्ध्या मिनिटाचं मी कुणाला सांगितलं नाही. उपदेश अर्धा मिनिट उशिरा पोचला तर कुणाचं काय बिघडतं? लग्नाच्या लाइव्हमध्येसुद्धा पुण्याच्या आत्याला मंगलाष्टकं उशिरा दिसतात, अक्षता ती टीव्हीवर टाकते आणि खूश असते.

मग हंगामाचा सण आला. या सणाला मंडळीतली माणसं शेतातलं, परसातलं काहीबाही घेऊन येतात. तूर, मिरच्या, लाल भोपळे, कोंबडीची अंडी, सीताफळाची टोपली. सगळं वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर त्याचा तिथेच लिलाव होतो. पास्टर स्वतः बोली पुकारतात. सगळ्यात शेवटी निघते ती ज्वारीची पेंढी. सोयाबीन आणि कपाशीने आमच्याकडची ज्वारी हाकलून लावली आहे. मंडळीतला एक शेतकरी या पेंढीपुरत्या चार ओळी बांधावर पेरतो. ही पेंढी दरवर्षी सिस्टरबाईच घेतात आणि ओसरीत चिमण्यांसाठी टांगतात. आणि दरवर्षी त्यांच्याविरुद्ध बोली लावतात ते हेडमास्तर. त्यांना पेंढी नकोच असते. ते सिस्टरबाईंना चिडवतात, चढवतात आणि ऐन वेळी गप्प बसतात. या भांडणाची वाट लोक वर्षभर पाहतात.

त्या आठवड्यात सिस्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. "बाबू, पेंढी माही हाय. मास्तर यंदा मी पडून हाय म्हनून सोडून देईन, तं मले तसं नाही पाह्यजे. मले बोलू दे."

मी म्हटलं, त्यात काय. आई तुमच्याजवळ फोन धरून बसेल. तुम्ही टीव्हीवर पाहा, बोली सांगा, ती मला फोनवर येईल, मी चर्चमधून हात वर करतो. घरबसल्या लिलाव! पास्टरांनाही तसं कळवलं आणि मी छाती फुगवून घरी आलो.

सणाच्या दिवशी चर्च भरलं होतं. कॉम्प्युटर मस्त चालत होता, टोपी घातलेले पंखे फिरत होते. लिलाव सुरू झाला. मिरच्या गेल्या, अंडी गेली, भोपळ्यावर दोन घरांची चुरस लागली आणि तोही गेला. मग पास्टरांनी पेंढी उचलली. चर्चमध्ये कुजबूज झाली. हेडमास्तर उठले, शर्ट नीट केला आणि बोली लावली. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी फोन कानाला लावला. काहीच नाही.

"आई, बोल!"

"काय बोलू? काईच नाही झालं अजून."

पास्टर म्हणाले, "एक वार." आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "दोन वार."

"आई, पेंढी निघाली! सिस्टरबाईंना सांग!"

"कुठची पेंढी? अजून भोपळ्यावरच हाय रे इथं!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इथे पेंढी चालली होती आणि सिस्टरबाईंच्या टीव्हीवर अजून भोपळा. मी हात हलवून "थांबा थांबा" म्हणेपर्यंत पास्टरांनी "तीन वार" म्हणून टाकलं होतं. त्यांना वाटलं, मी हात हलवून नाही म्हणतोय.

पेंढी हेडमास्तरांना मिळाली. त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी ती हातात घेतली नव्हती. ती कशी धरायची तेसुद्धा त्यांना कळेना. कुणी हसलं नाही. आणि मग माझ्या फोनमधून आधी एक जोरदार बोली आली आणि पाठोपाठ सिस्टरबाईंचा ओरडा, "अवं, मी बोलली ना! काऊन देल्ली त्याइले?" मग आईचा आवाज, अगदी हळू, जो मी तिच्या तोंडून क्वचितच ऐकला आहे. "तिनं तोंड फिरवलं रे. भिंतीकडे."

मला स्वतःचा असा राग आला की तो कुणावर काढावा तेच कळेना. मी टेबलावरून उठलो आणि तिथूनच मोठ्याने सांगितलं. टीव्हीवर सगळं अर्धा मिनिट उशिरा पोचतं. ते मीच केलं, ओठ स्पष्ट दिसावेत म्हणून. त्या बोलल्या, पण त्यांचं बोलणं पोचायच्या आत तुम्ही तीन वार म्हणालात. चूक माझी.

हेडमास्तरांनी पेंढी परत वेदीवर ठेवली. म्हणाले, "मग हा लिलाव झालाच नाही. समोरच्या पक्षाला ऐकू गेल्याशिवाय बोली पूर्ण होत नाही. पुन्हा घ्या."

पास्टर म्हणाले, "घेतो. आणि प्रत्येक बोलीनंतर अर्धा मिनिट थांबतो."

मी आईला सांगितलं, आईने सिस्टरबाईंना ओरडून सांगितलं. फोन स्पीकरवर टाकून मी तो घोषणेच्या माइकजवळ धरला. हेडमास्तरांनी बोली लावली आणि आम्ही थांबलो.

भरलेल्या चर्चमध्ये अर्धा मिनिट काहीही न करता थांबणं सोपं नाही. लोक खोकले. कुणी भोपळ्याकडे पाहिलं, कुणी छताकडे. मग स्पीकरवर सिस्टरबाईंची बोली आली, खणखणीत, आणि सगळं चर्च हसलं. आता हेडमास्तर बसतील असं मला वाटलं. बसायलाच पाहिजे होतं. पण नाही, त्यांनी आणखी चढवून बोली लावली! मी मनात म्हटलं, म्हातारा काही सुधारणार नाही.

पुन्हा थांबणं आलं. या वेळी पास्टरांनी, शांतता झाली की होते त्या सवयीने, मान खाली घातली. ते पाहून पहिल्या बाकाने डोळे मिटले, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. उघडे राहिले ते माझे डोळे, परवानगीचे. आणि माझ्या पडद्यावर दिसलं की आणखी एका माणसाचे उघडे होते. हेडमास्तर पुरुषांच्या बाजूला उभे होते. ते वळले आणि सिस्टरबाईंच्या बाकावरच्या कॅमेऱ्याकडे सरळ पाहू लागले. त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज अजिबात नाही. शाळेत पहिलीच्या मुलांना अक्षरं सांगावीत तसं तोंड मोठं उघडून, सावकाश.

मी पटकन तो कॅमेरा पुढे घेतला. पूर्ण पडदा. ते काय बोलले, मला कळलं नाही. मला ओठ वाचता येत नाहीत. पण त्यांचे डोळे भरलेले दिसत होते, आणि ज्या माणसाच्या छड्या मी खाल्ल्या त्याच्यावरून मी कॅमेरा हलवला नाही.

सगळे डोळे मिटून बसलेले. मग त्या शांततेत, बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही तेवढ्या मोठ्याने, स्पीकरवर सिस्टरबाई गरजल्या, "येतो म्हनलं ना, मास्तर! ईस्टरले येतो! रडता काऊन? आन् पेंढी सोडा माही!"

सगळ्यांनी एकदम डोळे उघडले. कोणी काय विचारलं होतं, कुणालाच कळेना. हेडमास्तर रुमाल काढत होते. ते शुद्ध मराठीत म्हणाले, "मी माघार घेतो," आणि खाली बसले. पास्टरांनी तीन वार म्हटलं. पेंढी आम्ही दुपारीच सिस्टरबाईंच्या ओसरीत नेऊन टांगली. नेली हेडमास्तरांनी, उलटी धरून. आईने नंतर सिस्टरबाईंना विचारलं, मास्तर काय म्हणाले म्हणून. ते म्हणाले होते, "तुमच्याशिवाय करमत नाही हो. केव्हा येता?"

ईस्टरच्या सकाळी मी लवकर जाऊन तिन्ही कॅमेरे लावले. उपासना सुरू झाली, लाइव्ह सुरू झालं. पहिलं गीत अर्ध्यावर असताना मागचं दार उघडलं. आधी वॉकर आत आला, मग सिस्टरबाई, आणि त्यांचा दंड धरून माझी आई. गाणं चालूच होतं. एकेक पाऊल टाकत त्या पहिल्या बाकापर्यंत गेल्या. त्यांच्या जागेवर स्टँड होता, स्टँडवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला. त्या त्याच्यासमोर थांबल्या, वळल्या आणि गाण्याच्या वरताण ओरडल्या.

"बाबू, उचल हे! मी आली ना आता!"

चालू लाइव्हमध्ये कुणी माझ्या वायरीला हात लावला तरी मी अंगावर जातो. त्या दिवशी मी सगळ्या मंडळीदेखत धावत गेलो, चालू कॅमेरा स्टँडसकट उचलला, आणि सिस्टरबाई बसल्या.